मोघ्यांच्या भिंतीवरचं अक्षर

परीक्षित मोघे याने आयुष्यात वीट उचललीच नाही असं कोणी म्हटलं, तर ते खोटं ठरेल. त्याने वीट उचलल्याचे फोटो आहेत. एका फोटोत तर त्याच्या दोन्ही हातांत एकेक वीट आहे आणि मागे दक्षिण न्यू जर्सीतलं ते जुनं विटांचं शेतघर दिसतं. फोटो झाल्यावर त्याने त्या विटा तिथेच गवतात ठेवल्या आणि हात धुवायला गेला. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

लोक त्याच्याविषयी चांगलं बोलतात. मराठी मंडळात त्याने ‘आमचं हेरिटेज होम’ या विषयावर स्लाइड दाखवून भाषण केलं, तेव्हा टाळ्या पडल्या. चांगलं बोलणारे पुष्कळ झाले. मी जे पाहिलं ते लिहितो.

त्याचा जन्म नागपूरचा. वडील वीज मंडळात. पोरगा हुशार, इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी केली, मग व्हिसा आणि मग न्यू जर्सीतलं पिस्कॅटवे. टेलिफोन कंपन्यांची बिलं तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो काम करतो. दारू नाही, जुगार नाही, कोणाला टाकून बोलणं नाही. त्याचा दोष एकच. काम सुरू केलं की त्याला वाटतं, ते झालं.

पिस्कॅटवेच्या त्याच्या घरात हे सगळीकडे दिसतं. तळघराच्या दोन भिंतींना रंग आहे, दोन भिंतींना नाही. मागच्या अंगणात टोमॅटोसाठी खणलेला वाफा आहे, त्यात गवत आहे. कोपऱ्यात तंबोरा आहे, त्याला तारा नाहीत. कॅमेरे मात्र चांगले आहेत आणि चालू आहेत.

साधारण दोन हजार दोन साली कंपनीने त्याला काही महिने इंग्लंडला पाठवलं, सफोक नावाच्या भागात. तिथे तो खेड्यातल्या एका जुन्या विटांच्या शेतघरात भाड्याने राहिला. लाल विटा, दारांवर बुटक्या कमानी, छपरावर धुराड्यांचा जुडगा, भिंतीत काळपट निळ्या विटांची चौकटीचौकटीची नक्षी. त्याने दोनशे फोटो काढले आणि परत आला तो डोक्यात वीट घेऊनच.

मला पहिल्यांदा भेटला तेव्हा म्हणाला, “काका, ब्रिक इज अॅन ऑनेस्ट मटेरियल.”

मी जन्मभर वीटकाम केलं. कराडला शिकलो, मस्कतला राबलो, आणि नंतर न्यूअर्कच्या एका इटालियन ठेकेदाराकडे निवृत्त होईपर्यंत भिंती चढवल्या. वीट प्रामाणिक वगैरे नसते. वीट मागचं सगळं झाकते. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. तो तोवर पुढच्या वाक्यावर गेला होता.

दोन हजार चार साली त्याने ते फोटोतलं घर घेतलं. पिस्कॅटवेहून गाडीने दोन तास, डेलावेर नदीच्या अलीकडे, सोयाबीनच्या शेतांत. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेल्या एका कुटुंबाने ते बांधलेलं. त्या लोकांनी आपल्या गावची नक्षी डोक्यात आणली आणि इथल्या मातीत उठवली. भट्टीत जाळाच्या तोंडाशी असलेल्या विटेचं डोकं, म्हणजे आखूड टोक, वितळून काचेसारखं होतं, निळसर करडं. अशा विटा वेगळ्या काढायच्या आणि डोकं बाहेर करून बसवायच्या. लाल भिंतीत निळी नक्षी उमटते. त्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर, अगदी वर, छपराच्या तिकोनात अशी अक्षरं आहेत. वर एच, खाली टी आणि ए, त्याखाली साल. हॉरवुड हे आडनाव, टॉमस नवरा, अॅन बायको. त्या भागात अशी रीत होती. घर बांधलं की आडनाव वर आणि नवरा-बायको खाली, शेजारी शेजारी.

नक्षी चांगली आहे. ते कबूल करतो. पण नक्षी फक्त रस्त्याकडे आहे. मागची भिंत अशी रचली आहे की माझ्या मुकादमाने तिचे थर उतरवायला लावले असते. सांध्यावर सांधा आलेला. भिंतीच्या पोटात तुकडे, माती, शिंपले, हाताला लागेल ते. टॉमस हॉरवुडलाही लोकांना दाखवायचीच हौस होती. फरक एवढाच की त्याच्या गवंड्याने काम पुरं केलं.

घराला एका बाजूला स्वयंपाकघराची बैठी ओवरी जोडलेली होती. ती कधीच कोसळली होती आणि तिच्या विटांचा ढीग गवतात पडला होता. परीक्षितला ती ओवरी पुन्हा उभी करायची होती. तिथल्या जुन्या इमारतींवर देखरेख करणाऱ्या समितीने परवानगी दिली, पण एक अट घातली. नवं काम नवं आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. भिंतीवर नवं साल घाला.

“साल कशाला नुसतं?” परीक्षित गाडीत मला म्हणाला. गाडी तो चालवत होता, दोन तास. बोलतही दोन तास होता. “वुई विल पुट अवर इनिशियल्स, काका! वर एम. खाली आम्ही दोघं. टू हंड्रेड इयर्स नंतर लोक बघतील.”

“भिंत आधी उभी राहू दे,” मी म्हटलं.

“तुम्ही आहात ना!”

मी होतो. गणपतीत कोणीतरी त्याला सांगितलं होतं की एकनाथकाका पूर्वी गवंडी होते, आणि त्याने माझ्या मुलाच्या घरी खेपा घालून मला राजी केलं होतं. माझे गुडघे गेले आहेत, पण हात गेलेले नाहीत. मी एकच अट घातली. हाताखाली माणूस लागेल, माल कालवायला, विटा द्यायला. तो माणूस तू.

“डेफिनेटली!” तो म्हणाला.

त्याची बायको मागच्या सीटवर बसली होती. तिने खिडकीबाहेर पाहत म्हटलं, “काका, मीपण येईन हं. असू दे जादा माणूस.”

तेव्हा मला वाटलं, नवऱ्याला सोबत म्हणून येते आहे.

ही रेणू. सांगलीकडची. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. अंगाने बारीक, बोलणं हळू, आणि बोलली की लागेल असं. त्यांची मुलगी नैना तेव्हा बारा-तेरा वर्षांची, कानात वायर घालून गाडीत बसून राहणारी.

आधी ढिगातल्या विटा साफ करायच्या होत्या. जुना चुना छिन्नीने खरवडायचा, वीट ब्रशने घासायची, धड विटा एकीकडे, अर्ध्या एकीकडे, निळ्या डोक्याच्या तिसरीकडे. कंटाळवाणं काम आहे. त्यात हुशारी लागत नाही, बसावं लागतं. परीक्षित नवे बूट, नवे हातमोजे आणि पोलादी टोकाची नवी हातोडी घेऊन आला. एक सकाळ बसला. दुपारी त्याच्या कमरेत भरलं. पुढच्या शनिवारी त्याला कॉल होता. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याने इंटरनेटवर वाचलं होतं की हे काम करायचं मशिन मिळतं, आणि ते मशिन शोधण्यात तो दिवस गेला. मशिन आलं नाही.

रेणू बसली. तो सगळा हिवाळा दर शनिवारी बसली. प्लास्टिकच्या पोत्यावर, कानटोपी घालून, पुढ्यात विटांची रास. सुरुवातीला दर दहातली एक वीट फोडायची. मी म्हटलं, चुना फोड, वीट नाही. मग तिचा हात बसला. निळी वीट सापडली की ओल्या फडक्याने पुसून उन्हाकडे धरायची.

“काय बघतेस?” मी विचारलं.

“चमकतं का ते.”

“ती भाजताना जास्त होरपळलेली असते. म्हणून चमकते.”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली आणि पुढची घेतली.

वसंतात पाया आणि आतली भिंत तिथल्या एका कंत्राटदाराने सिमेंटच्या ब्लॉकची बांधून दिली. नियमच तसा आहे. आत ब्लॉक आणि बाहेरून विटेचं कातडं. मला ते आवडत नाही, पण आवडायला कोणी विचारलं नव्हतं. उन्हाळ्यापासून मी बाहेरची वीट चढवायला लागलो. एक लांब वीट, एक डोकं, पुन्हा लांब, पुन्हा डोकं, वरच्या थरात अर्ध्याने सरकवून. जुन्या घराशी जुळेल अशी. माल चुन्याचा, कारण सिमेंट जुन्या विटेला खातं.

माल कालवायला परीक्षित होता. म्हणजे सकाळी होता. पाणी जास्त घालायचा, कारण मग फावडं हलकं चालतं. मी पातळ माल ओतून दिला की म्हणायचा, “ओके, ओके, लर्निंग कर्व्ह.” मग फोन वाजायचा. फोन घेऊन तो शेताच्या टोकापर्यंत चालत जायचा आणि तिथून हात हलवत परत यायचा तोवर रेणूने नवा माल कालवलेला असायचा. जुलैपासून मी त्याला हाक मारणं सोडलं. घमेलं भरून परांचीवर तीच द्यायची. पुढे पुढे मी तिला थापी दिली. विटांमधल्या तिच्या दरजा जाड यायच्या, पण थर दोरीत असायचा. शिकाऊ गवंड्याकडून याहून जास्त अपेक्षा मी कधी केली नाही.

आता अक्षराची गोष्ट.

परीक्षितने तिकोनाचं चित्र कॉम्प्युटरवर काढलं. एक्सेलमध्ये. एक चौकोन म्हणजे एक वीट. लाल चौकोन, निळे चौकोन. वर एम, खाली पी आणि ए, त्याखाली दोन हजार सहा. तो कागद छापून त्याने किचन टेबलावर पसरला. आम्ही सगळे चहा घेत होतो.

नैनाने वायर कानातून काढली. “डॅड, हू इज ए?”

“व्हॉट डू यू मीन, हू इज ए? मॉम!”

“मॉम इज आर.”

“आसावरी, बेटा. मॉमचं नाव आसावरी आहे.”

“सिन्स व्हेन?” असं म्हणून तिने वायर परत कानात घातली.

मलाही ते नाव नवीन होतं. मग कळलं. लग्नात याने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं होतं, आपल्याकडे लिहितात तसं. आसावरी. कारण त्या साली त्याला शास्त्रीय संगीत शिकायचं होतं. रेणूचा पासपोर्ट, डिग्री सगळं आधीचं होतं, लग्नानंतर महिन्यात व्हिसाची घाई झाली, आणि ती इथे रेणू म्हणूनच उतरली. नोकरीवर रेणू, शेजाऱ्यांत रेणू, मुलीच्या शाळेत रेणू. आसावरी फक्त नागपूरच्या फोनवर. आणि चारचौघांत परीक्षित लाडाने म्हणायचा ते ‘आसू’.

“आसू म्हणे,” ती मला एकदा म्हणाली होती, आणि मला तेव्हा संदर्भ लागला नव्हता. “याने गाणं सोडलं, काका, आणि राग मला दिला.”

टेबलावर तिने कागद आपल्याकडे ओढला.

“परीक्षित, हा ए काढ. आर घाल.”

“का ग?”

“माझं नाव रेणू आहे.”

“लग्नातलं नाव आसावरी आहे. ऑफिशियली.”

“ऑफिशियली तर मी कुठेच आसावरी नाही. लायब्ररीच्या कार्डावरसुद्धा नाही.”

“अग, बघ ना पण, जुन्या भिंतीवरपण ए आहे! अॅन! दोन्हीकडे ए. व्हॉट अ कोइन्सिडन्स! किती छान मॅच होतं. आणि आईला बरं वाटेल.”

“अॅनचं नाव अॅन होतं,” रेणू म्हणाली. “त्या टॉमसने तिचं आडनाव काढून घेतलं, पण अक्षर तिचं तिला ठेवलं. अडीचशे वर्षांपूर्वी. शेतकरी होता तो.”

“यार, इट्स जस्ट अ लेटर.”

“मग जस्ट आर घाल.”

तो माझ्याकडे वळला. “काका, सांगा ना हिला. आर किती ऑकवर्ड आहे विटेत. तो राउंड भाग. ए कसा क्लीन येतो.”

“विटेला सगळी अक्षरं सारखीच,” मी म्हटलं. गोलवा विटेत नसतोच. पायऱ्या असतात.

“ही दारावरची पाटी नाही की उद्या बदलली,” रेणू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “भिंत आहे. मी मेल्यावर लोक वर बघून विचारतील, ही ए कोण? आणि अशी कोणी नव्हतीच. मी इथे एवढी वर्षं आहे, आणि माझ्या जागी जी नव्हती तिचं नाव.”

“ड्रामा नको ना करू,” तो हसून म्हणाला. “आपण नंतर बोलू. फायनल ड्रॉइंग मी ईमेल करतो.”

त्याने ते ईमेल केलं. त्यात ए होता.

चित्र तसंही चालणारं नव्हतं. एक्सेलचे चौकोन एकाखाली एक सरळ येतात, भिंतीतल्या विटा प्रत्येक थराला अर्ध्याने सरकतात. त्या चित्राने अक्षर बसवलं असतं तर फाटलेल्या शिवणीसारखं दिसलं असतं. रेणूने ते पाहिलं, एका संध्याकाळी ओळी सरकवून नीट केलं आणि नवा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून परांचीच्या खांबाला बांधला. तिने काय काय सरकवलं ते मी विचारलं नाही. माझं काम कागदावरची वीट भिंतीत आणणं.

ऑक्टोबरात तिकोन आला. साल बसलं. मग पी आणि त्याच्या शेजारचं अक्षर बरोबरच वर चढायला लागलं, थराला थर. लाल विटा मी लावत होतो. निळी डोकी रेणू. तिनेच साफ केलेल्या, तिनेच पुसलेल्या. मी नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता.

आता ए असो की आर, खाली दोन पायच असतात. विटेत तर फरक कळतच नाही. त्या शनिवारी संध्याकाळी पाच थर झाले होते. परीक्षित घरातून बाहेर आला, लॅपटॉप काखेत, आणि खालून मान वर करून पाहिलं.

“ब्यूटिफुल! ए इज कमिंग आउट सो वेल!”

रेणू परांचीवर होती. तिने खाली पाहिलं नाही. ब्रशने दरज झाडत राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. पिस्कॅटवेत त्याच्या सॉफ्टवेअरचं काहीतरी नवीन चालू व्हायचं होतं, तो आला नाही. रेणू मला घेऊन गेली. पोचल्यावर माल तिनेच कालवला, घट्ट, मला आवडतो तसा. मग परांचीवर चढली आणि आरचं डोकं बांधलं. डावा उभा सरळ, उजवीकडे पोट, वर झाकण. एक वीट वाकडी बसली, तिने काढून पुन्हा लावली.

खाली उतरून रस्त्यापर्यंत चालत गेली आणि तिथून पाहिलं. बराच वेळ. परत आली तेव्हा म्हणाली, “काका, काढायला लावेल.”

“लावू दे,” मी म्हटलं. “चुना ओला आहे. काढणाऱ्याला महिनाभर काढता येईल.”

हे ऐकून तिला बरं वाटलं नाही. मी ते बरं वाटावं म्हणून म्हटलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी तो आला. गाडीतून उतरला, वर पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

“हे काय आहे?”

“आर,” रेणू म्हणाली.

“मला दिसतंय आर! ड्रॉइंगमध्ये ए होता!”

“खाली लावलेल्या ड्रॉइंगमध्ये आर आहे. आठवडाभर इथेच बांधलेलं होतं. तू येऊन बघायचं होतंस.”

“काका! तुम्ही तरी!”

“माझ्या कागदावर आर होता,” मी म्हटलं.

“धिस इज नॉट डन. धिस इज चीटिंग. आईला मी काय सांगू? मी तिला फोटो पाठवतो म्हणून सांगितलंय!” चेहरा लाल झाला होता. त्याला इतकं चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी करणार. “काढा ते. काका, प्लीज, काढा.”

“मी लावलेली वीट मी काढत नाही. तुझी भिंत आहे. छिन्नी वर आहे. चुना मऊ आहे. एक एक डोकं सोडवायचं, दुपारपर्यंत मोकळं होईल. ए मी लावून देतो.”

“मी काढणारच आहे.”

“चढ.”

रेणू शिडीपासून बाजूला झाली. तिने त्याला वाट दिली. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

तो चढला. पहिल्या फळीपर्यंत. तिथे खांब धरून उभा राहिला. वर अजून दोन फळ्या होत्या. वारा होता. त्याने छिन्नीकडे पाहिलं, अक्षराकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, “हे असं घाईत नको करायला. आजूबाजूची ब्रिक डॅमेज होईल. नेक्स्ट वीकेंडला प्रॉपर टूल्स आणतो.” आणि एकेक पायरी मागे बघत उतरला.

पुढच्या शनिवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या शनिवारी मंडळाची दिवाळी, तो सूत्रसंचालक. मग त्याला सर्दी झाली. मग थँक्सगिव्हिंग. दर वेळी गाडीत रेणू मला विचारायची, “आज काढेल?” मी म्हणायचो, मला काय माहीत. आम्ही वरचा एम बांधला, तिकोन बंद केला, कडेच्या दरजा भरल्या. छिन्नी आणि हातोडी रेणू दर वेळी झाडून पुसून आरच्या शेजारी फळीवर ठेवायची, अगदी हाताशी. मी एकदा म्हटलं, लपवून ठेव की. ती म्हणाली, “लपवली तर म्हणेल, छिन्नी मिळाली नाही म्हणून राहिलं. तसं नको मला.”

डिसेंबरात परांची परत द्यायची वेळ आली. परीक्षितने फोनवर सांगितलं, एक आठवडा थांबवा, धिस वीकेंड फॉर शुअर. आठवडा थांबवली. तो आला. दिवसभर आत बसून खिडक्यांना पडदे कुठले शोभतील ते लॅपटॉपवर पाहिलं. दोन वेळा बाहेर आला, भिंतीसमोर उभा राहिला, हात चोळले, आत गेला. चार वाजता अंधारायला लागलं. ट्रक आला आणि लोकांनी परांची उतरवली. रेणू पायरीवर बसून बघत होती. शेवटचा खांब ट्रकमध्ये पडला तेव्हा तिने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

बायकोवर माया म्हणून त्याने ते अक्षर राहू दिलं असतं तर मी त्याला मान दिला असता. तिच्याशी भांडून ते उखडून काढलं असतं, तरी निदान हातात काहीतरी धरलं म्हणून थोडा दिला असता. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. ते काढायला काम पडलं असतं, म्हणून ते राहिलं.

दोन हजार सातच्या जूनमध्ये त्यांनी तिथे वास्तुशांत केली. पिस्कॅटवे आणि एडिसनहून माणसं आली, पुलाव, श्रीखंड, कागदी ताटल्या. परीक्षितने सगळ्यांना घराभोवती फिरवलं. मी खुर्चीत बसलो होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं. इंग्लंडचं शेतघर, निळ्या विटा, अॅन आणि टॉमस. मग ओवरी.

शिव नावाचा त्याचा ऑफिसातला मित्र होता, त्याने विचारलं, “एम पी कळलं. आर काय? तू तर नेहमी आसू आसू करतोस.”

मी कान टवकारले.

“वेल,” परीक्षित म्हणाला, आणि खांदे मागे घेतले. “एव्हरीवन एक्स्पेक्टेड ए. आईपण म्हणाली ए. पण मी म्हटलं, नो. लग्नात नाव बदलणं वगैरे, व्हॉट इज धिस? भिंतीवर तिचं स्वतःचं नाव पाहिजे. आर फॉर रेणू. आय वॉज व्हेरी क्लियर अबाउट इट.”

“वॉव,” कोणीतरी म्हणालं. दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या.

शिवची बायको सुलेखा रेणूला म्हणाली, “किती लकी आहेस ग!”

रेणूच्या हातात श्रीखंडाचं पातेलं होतं. ती म्हणाली, “हो ना. मी वर विटा लावत होते तेव्हा हा खाली क्लियर होत होता.”

सगळे हसले. परीक्षित सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याला ते कौतुक वाटलं.

तेव्हापासून ती गोष्ट तो जिथे तिथे सांगतो. मंडळाच्या स्लाइडमध्येही ती आहे, बाणाने आर दाखवून. पण खोटं बोलायलाही थोडे कष्ट पडतात, आणि तेवढे त्याला घ्यावे लागले. आर फॉर रेणू असं लोकांना सांगायचं आणि वळून ‘आसू, पाणी आण’ म्हणायचं, हे जमेना. सुरुवातीला दोनदा अडखळला. मग सवय झाली. आता चारचौघांत तो तिला रेणू म्हणतो. घरातही म्हणतो. नागपूरच्या फोनवर आईशी बोलताना त्याच्या तोंडून ‘रेणू बाहेर गेलीय’ असं निघालं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. पलीकडून आई काय म्हणाली ते कळलं नाही. तो म्हणाला, “अग, भिंतीवर तेच आहे ना आता.”

तिला तिचं नाव मिळालं ते नवऱ्याच्या आळसामुळे आणि बढाईमुळे. यात त्याचं कौतुक करावं असं मला काही दिसत नाही. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “काका, कशामुळे मिळालं ते भिंतीवर लिहिलेलं नाही.”

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. जुन्या घराचं धुराडं वरून सैल झालं आहे, ते उतरवून पुन्हा बांधायचं त्याच्या मनात आहे. फुल रिस्टोरेशन. चित्र तयार आहे. हाताखाली तो स्वतः राहणार आहे.

मी म्हटलं, रेणूकडे फोन दे.